कापड कामगार

पहिली दोन उत्तरं एकाच साच्यातली आली:
या नावाचा हवाई सैनिक आमच्या दप्तरी आढळत नाही.
उदाराम सोनबा धकाते, तांडापेठ, नागपूर.
मी तिसऱ्यांदा लिहायला बसलो. पार्सल ऑफिसात
एकतीस वर्षं काढलेला माणूस
‘आढळत नाही’वर इतक्या लवकर विश्वास ठेवत नाही.
लेबल चुकतं. वस्तू कुठंतरी असतेच.

वायुसेनानगरातले सेल्वराज साहेब, निवृत्त वॉरंट ऑफिसर,
म्हणाले, आडनाव जरा तोंडानं म्हणून बघा,
आणि ऐका बेचाळीस सालच्या गोऱ्या कारकुनाच्या कानानं.
आम्ही दोघं म्हातारे व्हरांड्यात म्हणत बसलो,
ढकाटे, डकाटी, डॅकेट.
त्यांची सून चहा ठेवून हसत आत गेली.
तिसऱ्या अर्जाला सापडला:
डकोटा, यू. एस.
माझे मोठेबाबा, विमानाच्या नावानं नोंदलेले.

घरात ते पायलट होते.
बाबा सांगत, भाऊनं तीन जपानी विमानं पाडली,
चौथ्यानं भाऊला पाडलं, ब्रह्मदेशच्या जंगलात.
लग्नात, बारशात, तेराव्याला तीच गोष्ट,
फक्त आकडा वाढायचा. एका वर्षी सात झाली.
कुणी विचारलं नाही, चौथी नापास पोट्ट्याले
इमान कोन देते बाप्पा.

आता पुढ्यात सहा झेरॉक्स पानं.
ट्रेड: फॅब्रिक वर्कर.
भिंग फिरवलं, दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.
साहेबांनी समजावलं, तेव्हाच्या लढाऊ विमानांची
शेपटीकडची बाजू कापडाची असायची,
लिननची, म्हणजे जवसाच्या धाग्याची, वर रोगण.
आमच्याकडे जवसाची चटणी होते.
गोळी लागली की भोक,
भोकाला ठिगळ,
ठिगळाला माणूस.

आधी लाज वाटली, खरं सांगतो.
तीन विमानं माझ्याही हातून पडली त्या दुपारी.
मग आजोबांचा माग आठवला, खड्ड्यात सोडलेले पाय,
तुटला धागा थुंकी लावून सांधणारी बोटं,
आणि सांधा दिसला की मजुरी कापणारा
इतवारीचा शेठ.
त्याला दाखवायला हवं होतं हे पान.

पान चार. इंफाळ. मलेरिया, चौदा दिवस.
खाली लाल शाईत: सरकारी कापड, दीड वार, हिशेबात कमी.
पगारातून वसूल.
ते दीड वार माझ्या कपाटात आहे.
फणी गुंडाळलेली आहे त्यात,
माग विकला तेव्हा बाबांनी न विकलेली.
टपालानं आलं होतं म्हणे, सोबत एक ओळ:
बा, हे सूत मोजून पाय.
मी मोजलं, एक इंच, भिंगाखाली.
दोनदा चुकलो.

शेवटचं पान पंधरा दिवस नीट वाचलंच नाही.
सेवामुक्त, फेब्रुवारी १९४६. वर्तणूक: चांगली.
पदकं: नेली नाहीत.
रेल्वे पास: नागपूर, एकेरी, तिसरा वर्ग.

म्हणजे जंगलात कुणी पडलं नाही.
म्हणजे ते गाडीत बसले, निदान पास तरी घेतला.
म्हणजे ते चौथं विमान
घरातच कुणीतरी तयार केलं, रात्री बसून,
आजीला सांगता यावं म्हणून.
बाबा तेव्हा अठरा वर्षांचे होते.
अक्षर चांगलं होतं त्यांचं.

त्याच स्टेशनावर मी उतरवून घेतल्या
संत्र्यांच्या करंड्या, बर्फातली मासळी,
सायकली, एकदा पायपेटी, बरेचदा शवपेट्या.
लेबल फाटलेलं सामान आम्ही काही दिवस ठेवायचो
कोपऱ्यात, पत्र्याखाली.
कुणी आलं नाही की लिलाव.

काल चौथा अर्ज लिहिला.
अर्जदाराचं नातं: पुतण्या.
नावाच्या रकान्यात दोन्ही लिहिली, धकाते तथा डकोटा.
‘कोणता तपशील हवा’ यापुढे
दीड ओळ जागा होती.
लिहिलं:
कुठं उतरले.